शाहिराची हजेरी कोण भरणार?

कुठल्याही मंडळाची जयंतीच्या हिशेबाची वही उघडा. मंडपवाल्याचा आकडा आहे. लायटिंगवाल्याचा आहे. डीजेवाल्याचा तर सगळ्यात वर आहे, आणि निम्मे पैसे त्याला महिनाभर आधी पोचलेत. बॅनर, हार, पाण्याचे जार, मिरवणुकीच्या ट्रॅक्टरचं डिझेल, सगळ्याला ओळ आहे. आता त्या वहीत शाहिराची ओळ शोधा. बहुतेक वेळा ती नसते. असली तर 'किरकोळ'मध्ये असते. शाल एक, नारळ एक, जाण्यायेण्याचं भाडं. आणि गाण्याचे? गाण्याचे कसले पैसे, ते तर चळवळीचं काम!

मी सूतगिरणीत बदली कामगार आहे आणि कविता लिहितो. शाळा दहावीला सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात झालं. गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, साचा मिळाला तर हजेरी, हजेरी लागली तर पैसे. मालक चांगला नसतो. तो घाम पिळून घेतो, पाळी संपली तरी थांबवून घेतो. पण 'हे देशाचं काम आहे, पैसे काय मागतोस' असं तो मला म्हणत नाही. ते म्हणायची सोय त्याला राहिलेली नाही, कारण आपल्या आधीच्या कामगारांनी संप केले, डोकी फोडून घेतली, कायदे करून घेतले. मग जे वाक्य मालकाच्या तोंडातून निघू शकत नाही ते आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडातून इतकं सहज कसं निघतं? मला ते एका मंडळाच्या अध्यक्षानं ऐकवलंय. वर पाठीवर हात ठेवून म्हणाला, 'तू तर आपलाच आहेस.'

म्हणून हा सवाल मी आपल्यात उभा करतोय. कलावंताला पैसे कोणी द्यायचे? कशाबद्दल द्यायचे? आणि दिल्यावर त्याच्या शब्दावर देणाऱ्याचा हक्क किती? पांढरपेशा साहित्यात या प्रश्नावर परिसंवाद होतात. त्यांचं जेवण ठरलेलं असतं, त्यांना चर्चा परवडते. आपल्यासाठी हा चुलीचा प्रश्न आहे.

फुकटचं काम आपल्याला नवीन नाही. महारकी म्हणजे दुसरं काय होतं? सरकारी सांगावा न्यायचा. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. मेलेलं ढोर ओढायचं. मयताची वर्दी परगावी पोचवायची. दिवस म्हणायचा नाही, रात्र म्हणायची नाही. घरातला एक आजारी पडला तर दुसऱ्यानं जायचं. मोबदला काय, तर थोडी इनाम जमीन, खळ्यावरचं बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकर. आकडा ठरलेला नव्हता. खरी बेडी हीच होती. जे ठरलेलं नाही ते हक्कानं मागता येत नाही, त्यासाठी हात जोडावे लागतात. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचा कायदा दुरुस्त करायचं बिल मांडलं, तेव्हा नेमकी ही गाठ धरली. बलुत्याची भीक बंद करा, रोख पगार बांधून द्या. ते बिल सरकारनं आणि वरच्यांनी तडीस जाऊ दिलं नाही. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेबांच्या माघारी.

आता शाहिराच्या त्या शालीकडं बघा. आकडा आधी ठरलेला नाही. किती वाजता सोडणार ते ठरलेलं नाही. मिळेल ते देणाऱ्याच्या मर्जीवर. मागितलं तर 'पैशासाठी गातो' म्हणून बदनामी. दोस्तांनो, हे बलुतंच आहे. फक्त खळ्याच्या जागी स्टेज आलंय आणि पाटलाच्या जागी आपण बसलोय.

कोणी म्हणेल, कलेला पैसा मिळत होता की! फडात पैशाचा पाऊस पडायचा. पडायचा. पण कसा? बोर्डावर नाचणाऱ्या बाईपुढं दौलतजादा व्हायची. देणारा ऐटीत बसलेला, घेणारी वाकलेली, आणि त्याचं नाव पुकारायचं कामही फडाचंच. नाचणाऱ्या बाया कोणाच्या? महार, मांग, कोल्हाट्याच्या. तो पैसा कलेच्या कष्टाचा नव्हता, देणाऱ्याच्या तोऱ्याचा होता. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. आता त्यांच्या नावानं सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे. सन्मान भरपूर होता, पण महिन्याच्या महिन्याला घरात येणारं काही नव्हतं.

महाडच्या वेळची एक गोष्ट आपल्यात सांगितली जाते. पठ्ठे बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाच्या फंडाला द्यायची तयारी दाखवली. पवळा हिवरगावकरीण त्यांच्या फडाचा जीव होती. बाबासाहेबांनी ते पैसे नाकारले. आपल्या बाया नाचवून आलेला पैसा त्यांना चळवळीसाठी नको होता. या गोष्टीवर आपण टाळ्या वाजवतो, आणि वाजवाव्यातच. पैसा कुठून आला हे विचारायचं असतं, हे त्यातून शिकायचं. पण टाळ्या वाजवून झाल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. पवळेच्या गळ्याला इज्जतीची हजेरी देईल असं दुसरं स्टेज आपण किती उभं केलं? तमाशा सोडा म्हणणं सोपं होतं. सोडून आलेल्या बाईनं संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं? पुढं आंबेडकरी जलसे निघाले, भीमराव कर्डकांसारख्या माणसांनी गावोगाव विचार पोचवला, भाषणाला न येणारी माणसं जलशाला आली. हे मोठं काम झालं. पण जलशात गाणाऱ्याचं घर कसं चालायचं, याचा कायमचा बंदोबस्त आपण केला नाही. ते काम अजून अंगावर आहे.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. तो आपल्याच घरातला आहे, म्हणून टाळून चालणार नाही.

सुत्तनिपातात कसिभारद्वाज सुत्त आहे. मगधातल्या एकनाला गावात भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाची पेरणी चाललीय, पाचशे नांगर जुंपलेत. भगवंत भिक्षेला उभे राहतात. तो म्हणतो, मी नांगरतो, पेरतो, मग खातो. तूही नांगर, पेर, मग खा. भगवंत सांगतात की मीही शेतीच करतो, आणि ती शेती कसली ते गाथांमधून सांगतात. ब्राह्मण खूश होतो, खिरीचं भांडं पुढं करतो. भगवंत ती खीर घेत नाहीत. गाथा म्हणून मिळालेलं अन्न मला चालत नाही, असा त्यांचा अर्थ आहे.

झालं! मग शाहिरानं तरी पैसे का घ्यावेत?

मी या सुत्तावर पुष्कळ विचार केलाय, रात्रपाळीला साच्यापुढं फेऱ्या मारताना. मला जे दिसतं ते असं. एक, खीर देणारा गाथेवर खूश होऊन देत होता. ती बिदागी होती. बिदागी घेतली की पुढची गाथा देणाऱ्याला खूश करायला रचली जाते. भगवंतांनी त्या दोरीत मान अडकवली नाही. दोन, भिक्खूला घर नाही, लेकरं नाहीत. तरीही चीवर, भोजन, राहायची जागा आणि औषध या चार गोष्टी त्याला मिळाव्यात ही उपासकांची जबाबदारी धरलेली आहे. म्हणजे धम्म सांगणाऱ्यानं उपाशी मरावं असं तिथंही नाही. त्याच्या पोटाची व्यवस्था आधी लावलेली आहे, म्हणून त्याला गाथा विकावी लागत नाही. आपण सुत्ताचा अर्धा भाग उचलतो. 'गाथेचे पैसे घेऊ नकोस' हे शाहिराला ऐकवतो, आणि त्याच्या चार गोष्टींची जबाबदारी उपासकांवर आहे, म्हणजे आपल्यावर आहे, ते गिळून टाकतो.

यातून मला एक रेघ सापडली. शब्द विकायचा नाही, पण दिवस भरायचा. शाहीर आपल्याला त्याचा दिवस देतो. एक दिवस जाण्यायेण्याचा, कित्येक रात्री तालमीच्या, गळा, ढोलकीवाल्याचे हात, कोरसमधल्या बायांची बुडालेली मजुरी. या दिवसाची हजेरी त्याला द्यायची. त्यानं गाण्यात काय म्हणायचं, ते मात्र आपण विकत घेतलेलं नाही. गिरणीत मालक हजेरी देतो आणि सूतही त्याचं होतं. तो कायदा इथं लावायचा नाही. इथं हजेरी आपली, पण सूत शाहिराचं.

ही रेघ बाबासाहेबांनी आपल्या जगण्यात ओढून दाखवलीय. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण लिहून झालं तेव्हा मंडळाला काही भाग जड गेला, तो बदला म्हणाले. बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषदच झाली नाही. ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं, पंधराशे प्रती. पहिली आवृत्ती हातोहात गेली. बोलावणारा स्टेज देतो, मानपान देतो, खर्च करतो, म्हणून त्याला मजकुरात हात घालता येत नाही, एवढा साधा नियम आहे तो.

पण याच्यावरही कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी लिहिण्याचे पैसे कुठं घेतले? खरंय. 'बहिष्कृत भारत' १९२७ ते १९२९ चाललं. रकानेच्या रकाने त्यांनी एकट्यानं लिहून काढले, पगार न घेता. पण त्याच पत्रात हे ऋण लौकिक ऋण नाही का, असा सवाल समाजाला करणारा अग्रलेख त्यांना लिहावा लागला. शब्द नीट ऐका. ऋण. कर्ज. त्यांनी त्याग केला, पण समाजाला 'हे फुकट आहे' असं सांगितलं नाही. तुमच्यावर कर्ज आहे असं सांगितलं. त्याआधी १९२० साली 'मूकनायक' निघालं तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मदत मोठ्या मनाची होती, आणि त्या माणसानं कधी शब्दावर मालकी सांगितली नाही. पण पत्र १९२३ ला बंद पडलं. दाता चांगला असला तरी एका देणगीवर पत्र आयुष्यभर चालत नाही. त्याला वर्गणीदार लागतात.

मग सरकारचं काय? आपल्यातले काही तरुण म्हणतात, सरकारी पैशाला हात लावला की बाटलास. मला हे पटत नाही. साबणाच्या वडीवर मी कर भरतो, मोबाइलच्या रिचार्जवर भरतो. तिजोरीत आपलाही घाम आहे. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब आजारी होते. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' छापायला सुमारे वीस हजार रुपये लागणार होते. त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं की बुद्ध जयंतीनिमित्त सरकारनं पाचशे प्रती विकत घ्याव्यात, ग्रंथालयांना आणि येणाऱ्या विद्वानांना वाटाव्यात. उत्तर आलं की जयंतीसाठी ठेवलेली रक्कम संपलीय. पुस्तक १९५७ ला निघालं. ते बघायला बाबासाहेब नव्हते.

या पत्रात मला लाचारी दिसत नाही. त्यांनी अनुदान द्या म्हटलं नाही, प्रती घ्या म्हटलं. मजकूर लिहून झाला होता, त्यात सरकारला हात घालायला जागाच नव्हती. सरकारशी व्यवहार करायचा तर असा. काम आधी, शब्द आपला, मग माल घ्यायचा तर घ्या. आणि म्हातारपणाचं म्हणाल तर ते मानधन हक्कानं घ्या. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्याची योजना १९५४-५५ पासून आहे, २०२४ मध्ये तिची रक्कम महिना पाच हजार झाली. पाच हजारात म्हातारं माणूस औषध आणेल की धान्य आणेल ते बघा. पण तेवढंही आपल्या वस्तीतल्या किती गोंधळ्यांपर्यंत, किती ढोलकीवाल्यांपर्यंत, किती पार्ट्यांतल्या बायांपर्यंत पोचतं? कागद जमवता येत नाहीत म्हणून रांगेतून परत जातात. कार्यकर्त्यांनो, एक दिवस मोर्चाला द्या आणि एक दिवस त्यांचा अर्ज भरायला द्या.

फक्त सरकारच्या खांद्यावर मान ठेवून झोपू नका. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्याचा पुरस्कार जाहीर झाला. आठवडाभरात सरकारनं तो रद्द केला, निवड समितीही मोडीत काढली. त्याच्या निषेधात काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले, काहींनी पदं सोडली. एका हातानं दिलेलं तोच हात काढून घेतो. तो हात सरकारचा असो, पुढाऱ्याचा असो, कंपनीचा असो. म्हणून माझं म्हणणं असं की हात पुष्कळ असावेत. एकानं हजार दिले तर तो मालक होतो. हजार जणांनी एकेक दिला तर मालक कोणीच होत नाही, आणि गाणं सगळ्यांचं होतं.

फुकटच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, पैसा आला की विद्रोह जातो. मी उलटं बघितलंय. निवडणूक आली की पक्षांना शाहीर लागतात. तेव्हा पैशाची थैली घेऊन माणूस कोणाच्या दारात जातो? ज्याच्या घरात पीठ नाही त्याच्या. वर्षभर आपण ज्याला नारळावर भागवलं, त्याला पंधरा दिवसांची सुपारी मिळते, आणि मग आपण म्हणतो, बघा, विकला गेला! त्याला स्वस्त कोणी केला? बाजारात उपाशी शाहिराइतकं स्वस्त काही नाही.

आणि आणखी एक. फुकट लिहायचं, फुकट गायचं, तर लिहिणार कोण, गाणार कोण? ज्याला महिन्याचा पगार बांधलेला आहे तो. बँकेतला, शाळेतला, कचेरीतला. त्यांनी लिहावं, जरूर लिहावं, ते आपलेच आहेत. पण आमच्या गल्लीत एक बाई आहे, चार घरची धुणीभांडी करते. तिच्या गळ्यासारखा गळा मी रेडिओवर ऐकलेला नाही. तिला कार्यक्रमाला बोलावलं तर दुसऱ्या दिवशीची चारही कामं बुडतात. ती येत नाही. मग स्टेजवर तिचं दुःख गातो कोण? ज्याला ते दुःख नाही तो. फुकटच्या नियमानं आपण आपल्यातल्याच सगळ्यात खालच्या माणसाचं तोंड बंद करतो. तोंड बंद ठेवायला मनुस्मृती लागत नाही, रिकामा खिसा पुरतो.

गाणं लिहिणाऱ्याचं तर त्याहून वाईट. भीमगीतं गल्लीगल्लीत वाजतात. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर पायपीट केली, २००४ साली गेले. त्यांची गाणी लाखोंच्या तोंडी आहेत. पण कित्येक स्टेजवर ती 'पारंपरिक' म्हणून गायली जातात. शेवटच्या ओळीतलं कवीचं नावसुद्धा गाळून टाकतात. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. कवी गेल्यावर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांचा राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा सोडून द्यायला लावता येत नाही. हे आपल्या कवींना सांगायला कोण जातं? एकदाच रोख देऊन कोऱ्या कागदावर सही घेणारे मात्र बरोबर पोचतात.

म्हणून कार्यकर्त्यांपुढं मी कामच ठेवतो. पुढच्या जयंतीच्या बैठकीत हे मांडा.

हिशेबाच्या वहीत पहिली ओळ शाहिराची लिहा, मंडपाच्या आधी. वर्गणी कमी पडली तर डीजेचे बॉक्स कमी करा. आकडा आधी ठरवा आणि कागदावर लिहून द्या. शाहीर, ढोलकीवाला, पेटीवाला, कोरस, प्रत्येकाचा वेगळा. बाईची हजेरी पुरुषाएवढी. कारागिराला दिवसाला जे देता त्याच्या खाली कोणाचीच नाही. पैसे स्टेजवर चढायच्या आधी द्या, कारण रात्री दोन वाजता खजिनदार सापडत नाही. मंडळाच्या बाहेरच्या कोणाचे पैसे असतील तर ते कोणाचे, हे शाहिराला अगोदर सांगा. त्याला नको असेल तर त्याला 'नाही' म्हणू द्या. गाणी आधी तपासायला मागू नका. त्यानं आपल्यावरच टीका केली तरी हजेरी कापू नका. तिथंच आपली खरी परीक्षा आहे. दुसऱ्याचं गाणं गायलं तर कवीचं नाव माइकवर घ्या. आणि जयंती झाली की सगळा हिशेब वस्तीपुढं वाचून दाखवा.

शाहिरांनाही एक सांगणं आहे. आकडा सांगताना मान खाली घालू नका. तुम्ही भीक मागत नाही, हजेरी मागताय. आणि हजेरी मिळाली म्हणून एक ओळही बदलू नका. समोर वर्गणी देणारेच बसलेले असतील, तरी त्यांच्या तोंडावर जे खरं आहे ते गा.

जय भीम.